अर्धी वाट फियाट, अर्धी वाट ॲम्बॅसिडर

माणसाला जिवाभावाचे दोन मित्र असावेत, पण दोघांकडे मोटारी नसाव्यात. असल्याच, तर एकसारख्या असाव्यात. हे शहाणपण शेलार गावच्या रामनाथ मास्तरांना सुचलं खरं, पण अठ्ठ्याहत्तर सालच्या वैशाखात, एका मोटारीच्या डिकीत गुडघे छातीशी घेऊन बसल्यावर. तोवर उशीर झाला होता.

मास्तर भिवंडीच्या एका शाळेत बावीस वर्षं शास्त्र शिकवत होते. त्यांच्या मैनाचं लग्न पूर्णा गावच्या हिरामण पाटलांच्या अनंताशी ठरलं. हिरामण पाटील माणूस दिलदार. त्यांनी मागणी केली ती एकच. "मास्तर, मना काय नको. फकस्त नवरी मोटारीन बसून माज्या दारान आली पायजे. आमच्या आलीन आजपावतर मोटार आलेली न्हाय." एवढंच ना, म्हणून मास्तर हो म्हणाले. पुढच्या सगळ्या वनवासाची सुरुवात या एकाक्षरी शब्दापासून झाली.

मास्तरांचे दोन मित्र होते. खलीलशेठ कापड विणणाऱ्या सोळा लूमचे मालक, त्यांच्याकडे काळी ॲम्बॅसिडर. लडकूशेठ भोईर भाताच्या गिरणीचे मालक, त्यांच्याकडे साय रंगाची फियाट. दोन्ही गाड्या तिसऱ्या-चौथ्या हाताच्या, पण मालकांचं प्रेम पहिल्या हाताचं. तिघं शाळासोबती. रोज संध्याकाळी लूमची शिफ्ट सुटायच्या वेळेला धामणकर नाक्यावरच्या हॉटेलात तिघांचा चहा व्हायचा आणि रोज त्या चहात 'तुझी गाडी की माझी गाडी' हा वाद बुडवून खाल्ला जायचा. मास्तर ऐकायचे. स्वतःकडे सायकल असलेल्या माणसाला या वादात तटस्थ राहणं सोपं जातं.

"मैना माझ्या ॲम्बॅसिडरमधून जाईल," खलीलशेठ बशी खाली ठेवत म्हणाले. "यात विचारायचं काय? ती जन्मली तेव्हा दवाखान्यात तू माझ्याच सायकलवरून गेला होतास."

"आन तिच्या बारशाला पालना कोनी आनला?" लडकूशेठने विचारलं. "पोर माज्या फियाटीन जानार. मी हार पन सांगून ठेवलाय."

इथे एखाद्या व्यवहारी माणसाने पोटदुखीचं सोंग केलं असतं. मास्तर पडले शास्त्राचे. ते म्हणाले, "आपण दोन्ही गाड्यांची शास्त्रशुद्ध तुलना करू. शंभर मार्कांची परीक्षा. जास्त मार्क पडतील ती गाडी वरातीला. मग कुणी रुसायचं नाही." दोघांनी हो म्हटलं, कारण निकाल काय लागणार हे दोघांनाही ठाऊक होतं. फक्त वेगवेगळं ठाऊक होतं.

मास्तरांनी चारशे पानी वहीत तक्ता आखला. बैठक वीस मार्क, आवाज वीस, दिसणं वीस आणि चढ चाळीस. चढाला एवढे मार्क देण्याचं कारण होतं. हमरस्ता सोडून पूर्णा गावात शिरताना एक उभा चढ लागायचा. त्यावर कुणा ठेकेदाराने सुटी खडी पसरून ठेवली होती. रोलर आला की ती दबणार होती. रोलर दोन वर्षं येतच होता.

तक्त्याची बातमी शेलारमध्ये फुटली आणि मास्तरांचं घर सल्ल्यांनी भरून गेलं. शेजारच्या नवशाने आयुष्यात स्टिअरिंगला हात लावला नव्हता, म्हणून त्याची मतं ठाम होती. "मास्तर, ॲम्बॅशिटर सायबाची गाडी. फियाट डाक्टराची. आपली पोर सायेब हाय का डाक्टर, ता पयला ठरवा." चुलतभाऊ राघो दोन्ही गाड्यांच्या विरुद्ध होता. त्याच्याकडे बैलगाडी होती. "बैल पुढून वढतो. त्याचा त्वांड दिसतो. ह्या गाड्यांचा जोर मागच्या चाकाना, म्हंजे मागून ढकलनार. पोरीला सासरी ढकलत धाडाची का?" यावर मास्तरांनी इंजिनाचा जोर मागच्या चाकांना कसा पोचतो हे खडूने ओटीवर काढून दाखवलं. राघोने ते नीट बघितलं आणि म्हणाला, "म्हंजे ढकलतेच ना?" मास्तरांनी ओटी पुसून टाकली.

सगळ्यात आधी त्या खडीचा बंदोबस्त करावा म्हणून मास्तर रजा काढून एका कचेरीत गेले. तिथे कळलं की रोलर आहे, पण ड्रायव्हर रजेवर आहे. ड्रायव्हर आल्यावर कळलं की खडी पसरल्याचा दाखला लागेल. मास्तर म्हणाले, खडी दिसते आहे. कारकून म्हणाले, "तुम्हाला दिसते आहे, मास्तर. फाइलला दिसली पाहिजे." चौथ्या दिवशी हा कारकून आपलाच माजी विद्यार्थी असून आपण त्याला शास्त्रात नापास केलं होतं, हे मास्तरांना आठवलं. त्यांनी रोलरचा नाद सोडला.

परीक्षेचा रविवार उजाडला. पहिली पाळी फियाटची. लडकूशेठ चालवायला, मास्तर वही घेऊन शेजारी आणि मागे ठमाबाई. ठमाबाई म्हणजे धवलारीण. आगरी लग्नात भटजी असो नसो, धवलारणीने धवळे गायल्याशिवाय लग्न लागलं असं कुणी धरत नाही. हळदीचं काही सांगायला तिला हिरामण पाटलांकडे जायचंच होतं आणि फुकटची मोटार सोडायला ती खुळी नव्हती. अंगाने भरभक्कम बाई. पाटावर बसली की पाट दिसायचा नाही. ती मागच्या सीटवर टेकली तशी फियाट नमस्कार केल्यासारखी मागे झुकली. मास्तरांनी बैठकीला चौदा मार्क दिले.

फियाट चढावर आली, खडीवर कुरकुरली आणि सरळ वर गेली. लडकूशेठने वर पोचल्यावर हॉर्न इतका वाजवला की गावातली कुत्री जमली. चढाला चाळीसपैकी अडतीस.

मग ठमाबाईला वर सोडून मास्तर खाली आले आणि ॲम्बॅसिडरमध्ये बसले. खलीलशेठने बिस्मिल्ला म्हणून गाडी चढाला घातली. अर्ध्यावर मागची चाकं जागच्या जागी गरगरली, खडी मागच्या गवतात उडाली आणि गाडी आब राखत, सावकाश, आली तशी खाली गेली. तीनदा हेच झालं. मास्तरांनी सहा मार्क लिहिले, तेही हस्ताक्षर बघून द्यावेत तसे.

"फेरपरीक्षा," खलीलशेठ म्हणाले. "तुझ्या शाळेत पोरांना देतोस, मला नाही?"

तोवर ठमाबाईचं काम आटोपलं होतं. तिला घेऊन फियाट खाली आली. खाली येताच तिला आठवलं की आपली पानसुपारीची चंची हिरामण पाटलांच्या ओटीवरच राहिली. या खेपेला ती ॲम्बॅसिडरकडे वळली. "हिचा दरवाजा मोटा हाय. माजं गुडघं दुकतान." ती बसली, आणि जी गाडी मघाशी तीनदा घसरली तीच मुकाट्याने वर चढून गेली. मास्तरांनी डोळे चोळून पाहिलं. मागोमाग लडकूशेठने जोषात फियाट घातली, ती अर्ध्यावरून घसरत खाली आली. दुसऱ्यांदाही आली. तिसऱ्यांदा मास्तर सदरा झाडाला अडकवून बनियनवर गाडी ढकलत असताना, समोरून त्यांचे होणारे व्याही हिरामण पाटील आले.

होणाऱ्या व्याह्यांनी आपल्याला कोणत्या अवस्थेत पाहावं याबद्दल मास्तरांच्या काही कल्पना होत्या. त्यात भोकाचं बनियन नव्हतं.

हिरामण पाटील हसले नाहीत. उलट गंभीर झाले. "मास्तर, आज उतरली ता उतरली. पन वरातीच्या दिशी नवरीची गाडी येशीवरून मागं सरली, त आमच्या गावान नवरी माघारी गेली असा मानतान. माजी म्हातारी आय हाय घरान. ती ता इसरनार न्हाय. जल्मभर पोरीला आयकवनार."

आतापर्यंत हा मित्रांच्या रुसव्याचा प्रश्न होता. आता तो मैनाच्या सगळ्या आयुष्याचा झाला.

तिकडे दोन्ही मित्र वहीवर तुटून पडले होते. पहिल्या फेरीत फियाट पास, ॲम्बॅसिडर नापास. दुसरीत उलट. "तुझा तक्ताच खोटा," लडकूशेठ म्हणाले. "गिरणीवाल्याच्या गाडीला कोंडाच खायची सवय," खलीलशेठ म्हणाले. "आन लूमवाल्याची गाडी पुढंमागं, पुढंमागं," लडकूशेठ म्हणाले. मग दोघं एकमेकांच्या गाड्यांवरून एकमेकांच्या अकलेवर आले आणि तिथून बोलणं बंद झालं.

नऊ दिवस बंद राहिलं. हॉटेलात दोघं दोन टेबलांवर बसू लागले. मास्तर अर्धा चहा एका टेबलावर प्यायचे, कप उचलायचे आणि उरलेला दुसऱ्या टेबलावर. दोन्हीकडे तो गार लागायचा. मास्तरांना राग आला होता. मित्रांचा, खडीचा, रोलरचा आणि सगळ्यात जास्त त्या आकड्यांचा. रात्रंदिवस ते वही घेऊन बसत. टायर मोजले, हवा मोजली, उन्हाचा परिणाम धरून पाहिला. उत्तर येईना.

शेवटी गोदूबाईंनी, म्हणजे मास्तरांच्या मंडळींनी, तांदूळ निवडता निवडता विचारलं, "आवो, पयल्या खेपेला ठमाबाय कंच्या गाडीन होती?"

"फियाटमध्ये."

"आन दुसऱ्या?"

मास्तरांनी वही मिटली. ज्या गाडीत ठमाबाई मागे बसली ती चढली, जीत बसली नाही ती घसरली. जोर मागच्या चाकांना, भार मागे पडला की चाक खडी पकडतं. घर्षण. हा धडा ते बावीस वर्षं शिकवत होते. गोदूबाई सातवीत शाळा सोडलेल्या. त्यांनी पुढचा खडा काढून टाकला आणि पुन्हा काही विचारलं नाही. हे न विचारणं मास्तरांना फार लागलं.

ते तडक ठमाबाईकडे गेले. "वरातीत या, पाया पडतो." ठमाबाईने पान लावलं. "माजा काम मांडवान. वरातीबरोबर धवलारीन जात न्हाय. आन त्या सांजला मना दुसरा लगीन हाय." मग मास्तरांनी हिशेब मांडला: एक ठमाबाई म्हणजे तांदळाची दोन पोती. लडकूशेठच्या गिरणीतून आंदणात द्यायला दोन पोती यायचीच होती. ती डिकीत ठेवली की कोणतीही गाडी चढेल.

कोणतीही. म्हणजे प्रश्न पुन्हा होता तिथेच आला. कोणती? आणि इथे मास्तरांना त्या अर्ध्या-अर्ध्या चहातून आयुष्यातली सर्वांत भिकार कल्पना सुचली. शेलार ते धामणकर नाका फियाट. नाका ते पूर्णा ॲम्बॅसिडर. शेलारच्या दारातून निघण्याचा मान लडकूचा, पूर्ण्याच्या दारात पोचण्याचा खलीलचा. नाक्यावर नवरा-नवरी उतरतील, गाडी बदलतील, पोती बदलतील. दोघांनी हे वेगवेगळ्या टेबलांवरून, एकमेकांकडे न बघता, मान्य केलं. मैना मात्र म्हणाली, "बाबा, मी वरातीला चाललेय का बदलीच्या गाडीला?" मास्तर म्हणाले, तू लहान आहेस.

लग्न दणक्यात झालं. ठमाबाईचे धवळे दोन शेतं पलीकडे ऐकू गेले. दुपार कलली तशी वरात निघाली. रीत अशी की वरातीबरोबर नवरीचा बाप जात नाही. वेशीपर्यंत जातो आणि माघारी फिरतो. मास्तर नाक्यापर्यंत गेले, ते बाप म्हणून नव्हे, तर अदलाबदलीवर देखरेख म्हणून. असं त्यांनी तीन जणांना न विचारता सांगितलं.

ज्यांनी धामणकर नाका शिफ्ट सुटायच्या वेळेला पाहिला आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही, त्यांनी सुखात राहावं. रिक्षा, हातगाड्या, सुताच्या अवजड गुंडाळ्या, म्हणजे बीम, लादलेले टेम्पो, डब्याच्या पिशव्या घेतलेले शेकडो कामगार, आणि मधोमध बाशिंग बांधलेला नवरा एका मोटारीतून उतरून दुसरी शोधतोय. बँडवाल्यांना वाटलं घर आलं, त्यांनी जोर केला. लूमवरचा एक भय्या शेजाऱ्याला म्हणाला, "दुल्हन बदल रहे हैं क्या?" हवालदाराने शिटी तोंडातून काढली आणि मास्तरांना विचारलं, "हे कुणाच्या डोक्यातून निघालं?" मास्तरांनी बँडवाल्यांकडे बोट दाखवलं.

मैना ॲम्बॅसिडरमध्ये बसली. शेलारपासून तिच्या डोळ्यांचं पाणी थांबलं नव्हतं. मास्तरांनी पोती हलवायला फियाटची डिकी उघडली. आत एक तांब्याचा हंडा होता. फक्त हंडा.

"पोती?"

"ती मी वऱ्हाडाच्या ट्रकान घातली," नवशा अभिमानाने म्हणाला. "नवरीच्या गाडीवर भार नको म्हनून. टरक कवाच गेला पूर्ण्याला."

मास्तरांना नवशाचा गळा धरावासा वाटला, पण हातात हंडा होता. त्यांनी तो ॲम्बॅसिडरच्या डिकीत ठेवला. खलीलशेठ स्टिअरिंगवरून उतरून मागे आले. त्यांनी रिकामी डिकी पाहिली, मग सडपातळ नवरा-नवरी पाहिली, मग नवरीची पाठराखीण म्हणून निघालेली काटकुळी मावशी पाहिली. तिघांचं मिळून एक ठमाबाई होत नव्हतं.

"मास्तर, गाडी घसरणार," खलीलशेठ हळू म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "बेटी माझ्या गाडीत आहे आणि गाडी मागे येणार. मी कुठं तोंड दाखवू? बसव तिला फियाटमध्ये परत. मला चालेल."

"फियाट पन घसरल," मागून आवाज आला. लडकूशेठ उभे होते. नऊ दिवसांनी पहिल्यांदा ते खलीलशेठशी बोलत होते, आणि तेही स्वतःच्या गाडीविरुद्ध. त्यांनी ॲम्बॅसिडरच्या डिकीत वाकून पाहिलं, धोतर खोचलं, एक पाय आत टाकला आणि आपला सव्वादोन मणांचा देह हंड्याच्या पलीकडे नेऊन बसवला. "मास्तर, तू पन ये. माज्या एकट्यान जमाचा न्हाय."

"अरे, मी बाप आहे. बापाने जायचं नसतं."

"बाप म्हनून कोन बोलावतंय? वजन म्हनून ये."

मास्तर एकोणपन्नास किलोचे. पण त्या क्षणी एकोणपन्नास किलोही कमी नव्हते. त्यांनी टोपी काढली, हंडा मांडीत घेतला आणि आत शिरले. खलीलशेठने झाकण ओढून सुतळीने बांधलं, चार बोटांची फट राहील इतकं. त्या फटीतून मास्तरांना धामणकर नाका दिसला, आणि हवालदाराचे जोडलेले हात.

आत अंधार होता, उकाडा होता आणि लडकूशेठ होते. पुढे सीटच्या पलीकडून मैनाचे हुंदके ऐकू येत होते. मास्तरांनी सबंध दिवस डोळ्यांत पाणी येऊ दिलं नव्हतं, कारण त्यांचा हिशेब पक्का होता: वेशीवर रडायचं, मग माघारी. वेस कधीच मागे पडली होती आणि रडायचं राहून गेलं होतं. आता ते हंड्यावर कपाळ टेकून रडले. पोटभर रडले. लडकूशेठने उपरण्याचं टोक अंधारातच पुढे केलं.

चढ लागला. खडी कुरकुरली. अर्ध्यावर गाडीचा वेग मरत गेला, चाकं एकदा गरगरली आणि सगळं जागच्या जागी थांबल्यासारखं झालं. मास्तरांनी हंडा घट्ट धरला. "मागं दाब," लडकूशेठ ओरडले, आणि दोघं मित्र पाठ टेकून, पाय रोवून, हंड्यासकट मागे रेलले. चाकाने खडी पकडली. ॲम्बॅसिडर एक बोटभरही मागे न सरता वर गेली.

गाडी सपाटीला लागली. मग लडकूशेठ नाराजीने म्हणाले, "डिकी ऐसपैस हाय. याचे धा मार्क लिव तुज्या वहीन. पन त्याला सांगू नको."

गाडी थांबली. बँड, कलकल, म्हातारीचा आवाज, भाकरतुकडा ओवाळल्याची गडबड. वऱ्हाडाचा ट्रक आधीच येऊन पोती उतरवून बसला होता. आंदण उतरवून घ्यायला स्वतः हिरामण पाटील मागे आले, त्यांनी सुतळी सोडली आणि आळीतल्या पन्नास माणसांदेखत झाकण वर केलं. आत तांब्याचा हंडा, भाताच्या गिरणीचे मालक आणि नवरीचा बाप.

हिरामण पाटलांनी हातातली यादी वर-खाली पाहिली. "मास्तर," ते म्हणाले, "यादीन हंडा हाय. तुमी न्हाय."

सगळी आळी हसली. पण सगळ्यांच्या वर एक हसणं ऐकू आलं, ते मैनाचं. सकाळपासून रडून सुजलेल्या डोळ्यांनी ती उंबऱ्यावरून मागे आली, बाशिंगाच्या मुंडावळ्या एका हाताने बाजूला केल्या आणि दुसरा हात डिकीत पुढे केला.

"उतरा, बाबा," ती म्हणाली. "माझं घर आलं."